बिनभोकाची बटणं

दि. ९ फेब्रुवारी

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवणे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. पत्र बघून हसशील. ताईला फोन करायला काय झालं, म्हणशील. काही झालं नाही. पण फोनवर तू ‘अगं ताई, ऐक तर’ करत सुटतेस आणि शेवटी मीच तुझी समजूत काढून फोन ठेवते. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही, एवढाच याचा फायदा.

आधी कामाचं. त्या मोठ्या दुकानाची ऑर्डर वेळेवर जाणार नाही. कापड कापून झालं, शिवून झालं, काज-बटणं झाली, इस्त्री झाली. शर्टांच्या थप्प्या कपाटावर चादरीखाली झाकून ठेवल्या आहेत. लेबलं तेवढी लागलेली नाहीत. का नाही लागली ते सांगते, जरा दम धर. तूर्त दुकानवाल्यांना काय थाप मारायची ती मार, त्यात तुझा हात धरणारं कुणी नाही.

आई झोपली आहे. तिचा पलंग पुढच्या खोलीत आणला आहे आणि कटिंगचं टेबल भिंतीला सरकवलं आहे. त्यामुळे मला कापड पूर्ण पसरता येत नाही, अर्धं जमिनीवर लोळतं. चालायचंच.

तुझी मुलाखत वाचली. आपल्या काजवाल्या मावशींनी ते मासिक कुठूनसं पैदा केलं आणि नाचवत आणलं. फोटो चांगला आहे. कटिंगच्या टेबलाला टेकून उभी आहेस, हातात माझी कात्री. फक्त ती उलटी धरली आहेस गं. अंगठा कुठल्या भोकात घालायचा हे फोटो काढणाऱ्याला माहीत नव्हतं, ते ठीक आहे. तुला तरी माहीत असायला हवं होतं.

आणि काय ते सांगणं! ‘एका सकाळी खिडकीत शिवत बसलेल्या आईच्या हाताकडे पाहताना मला वाटलं, सगळं जग सरळ रेषेत चाललंय, मग आपण वाकडं का होऊ नये? त्या क्षणी वाकडंतिकडं या आमच्या ब्रँडचा जन्म झाला.’ वा गं वा! मावशींनी तर डोळे पुसले. मी म्हटलं, मावशी, जन्म झाला तेव्हा सुईण मी होते, मला विचारा.

खिडकी नव्हती, बारके. आपण मागच्या खोलीत बसलो होतो आणि तिथे दिवसाही दिवा लावावा लागायचा. पहिल्याच लॉटचे पांढरे शर्ट होते. कंपनीतली नोकरी सोडून मी कटिंग करत होते, तुझा कोर्स नुकताच संपला होता, आणि आईला आपण मानेमागचं लेबल हातानं लावायला दिलं होतं, कारण तिला रिकामं बसवत नव्हतं. आईनं जन्मभर त्या शिंप्याच्या दुकानात कोटांना आतून अस्तरं लावली. टाका असा, की पट्टी ठेवून ओढावा. मालक गिऱ्हाइकाला सांगायचा, हे मशीनचं काम आहे. हाताचं म्हटलं तर कुणी विश्वास ठेवला नसता. तिच्याच त्या, आता थरथरायला लागलेल्या हातचं पहिलं लेबल मी उलटून पाहिलं आणि ओरडले, ‘हे काय वाकडंतिकडं लावलंयस, आई? उसव सगळं!’

ती बिचारी उसवायला बसलीसुद्धा. तू बाहेरून आलीस, तिच्या हातातून शर्ट घेतलास आणि फोटो काढून इंटरनेटवर टाकलास. त्याखाली लिहिलंस, माझी आई प्रत्येक लेबल स्वतःच्या हातानं लावते. लोक वेडे झाले. किती जिवंत, किती खरं! आणि नाव काय द्यायचं यावर डोकं खाजवत बसली होतीस, तेव्हा माझं ओरडणं तुला आठवलं. तेव्हा धंद्याचं नाव म्हणजे माझ्या तोंडची शिवी आहे, एवढं ध्यानात ठेव. मुलाखतीत नसलं तरी चालेल.

कळावे.

ता. क. आई पडली होती. बाथरूमच्या दारात पाय अडखळला, अंग एकदम लाकडासारखं ताठ झालं आणि आडवी झाली. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता घरी आणली आहे. ज्या दिवशी पडली त्या दिवशी तुझ्या त्या काचेच्या भिंतींच्या नव्या दुकानाचं उद्घाटन होतं. स्ट्रेचरवरून मला म्हणाली, ‘बारकीला आज कळवू नकोस, तिचा दिवस आहे.’ नाही कळवलं. मग दुसरा दिवसही तुझाच निघाला, तिसराही. हे पत्र हेच लिहायला घेतलं होतं आणि बघ, कात्रीवरून तुला बोलण्यात सगळा कागद घालवला. ताकाला जाऊन भांडं लपवायची आपल्या घरची खोड आहे.

*

दि. २४ फेब्रुवारी

प्रिय बारके,

तुझा फोन आला, फुलं आली, तो मऊ गाऊनही आला. फुलदाणी आपल्याकडे कधीच नव्हती, तेव्हा फुलं बादलीत ठेवली आहेत आणि येणारा-जाणारा विचारतो, कोण गेलं? गाऊन आईला आवडला. आधी उलटा करून आतली शिवण पाहिली, मग घातला.

फोनवर आई तुला म्हणाली, ‘मी ठणठणीत आहे गं, तू तुझं काम सोडून येऊ नकोस.’ तू रडलीस आणि म्हणालीस, सीझन संपला की लगेच येते. मी शेजारीच बसले होते. तू सुखानं फोन ठेवलास, आईनं सुखानं डोळे मिटले. राहिले मी. म्हणून म्हटलं, आता लिहूनच टाकावं. या वेळी कात्रीवर जाणार नाही.

धंदा वाढवायला तू तिकडे शहरात गेलीस त्यानंतर थोड्याच दिवसांत डॉक्टरांनी आईच्या थरथरीला नाव दिलं, ते तुला ठाऊक आहे. कंपवात. आपण वय झालं, वय झालं म्हणत होतो. गोळ्या सुरू झाल्या आणि खरं सांगते, महिन्याभरात जादू झाली. आई एका हातानं पेला उचलून पाणी प्यायला लागली. सुईत दोरा स्वतः ओवायला लागली. लेबलं परत पूर्वीसारखी, पट्टी ठेवून ओढावी तशी. मला इतका आनंद झाला, की ती थप्पी मी तुला सगळ्यात वर ठेवून पाठवली.

आणि तिकडून काय आलं? तक्रारी. ‘तुम्हीसुद्धा मशीनवर करायला लागलात.’ ‘आईच्या नावानं फसवणूक.’ लोकांनी शर्ट परत पाठवले. माणसाचा हात बरा झाला म्हणून गिऱ्हाईक रुसलं, असं मी कधी ऐकलं नव्हतं. तू ते सगळं मला पाठवत राहिलीस. मी म्हटलं, लिही की लोकांना, आईला बरं वाटतंय आता. तू म्हणालीस, ‘ताई, तसं नाही चालत गं. लोकांनी एक गोष्ट विकत घेतलेली असते.’ मला वाटत होतं, लोकांनी शर्ट विकत घेतलेला असतो.

त्यानंतर दुपारी एकदा तू आईच्या फोनवर फोन केलास. मी कटिंग करत होते. मला नुसतं तिचं ‘बरं’, ‘हो’, ‘बघते’ ऐकू आलं. मी विचारलं, काय म्हणत होती बारकी? आई म्हणाली, ‘काही नाही, खुशाली.’ आणि पुढच्या आठवड्यापासून लेबलं पुन्हा वाकडी यायला लागली.

मी घाबरले. वाटलं, दुखणं वाढलं. डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी गोळी वाढवली. तरी थरथर होतीच. त्यांनी आणखी वाढवली. चालताना ती अडकायला लागली, खुर्चीतून उठताना हात द्यावा लागायला लागला. मी डॉक्टरांशी भांडले, म्हटलं कसलं औषध देताय तुम्ही? आणि इकडे तुझा निरोप, ‘ताई, लेबलं एकदम मस्त आलीत! जुनी मजा परत आली!’ पुढे लाल बदामांची रांग.

ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात तिचा हात थांबला होता. घरी आणल्यावर परत सुरू. मी म्हटलं, बाईला तिथली हवा मानवली की काय? आता कळतं, तिथली नर्स गोळी घशाखाली उतरेपर्यंत समोरून हलत नव्हती.

गेल्या आठवड्यात काजवाल्या मावशी बसल्या होत्या. एका शर्टाचं बटण तुटलं होतं, म्हणून पत्र्याचा डबा घेऊन त्यात पांढरी बटणं शोधत होत्या. म्हणाल्या, ‘ताई, या बटणाला भोकंच नाहीत.’ मी खडूनं रेघ मारत होते, वर न बघता म्हटलं, सदोष आलं असेल, टाकून द्या. ‘हे पण तसंच,’ म्हणाल्या. ‘अहो, हे पण. तुम्हाला फसवलं की हो बटणवाल्यानं!’

मी जाऊन बघितलं. शर्टाच्या बटणाएवढी, तशीच पांढरी, आणि मधोमध एक चीर. ती चीर मला चांगली ओळखीची आहे. रोज सकाळी तसल्याच चिरेची गोळी मी पाकिटातून काढून आईच्या तळहातावर ठेवत होते. ती तोंडाकडे हात न्यायची, पाणी प्यायची आणि सुई घेऊन डब्याशी जाऊन बसायची; पडल्यापासून तर डबा तिनं उशाशीच मागून घेतला होता. डबा अर्ध्यापर्यंत भरला आहे, बारके. बटणं कुठली आणि गोळ्या कुठल्या, निवडायला मावशींना आणि मला बराच वेळ लागला.

मी मूठभर उचलून आईसमोर धरल्या. ‘आई, हे काय?’

‘बटणं.’

‘बटणांना भोकं असतात.’

‘मग नसतील ती बटणं,’ म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी मावशींना घरी पाठवलं आणि पलंगावर जाऊन बसले. म्हटलं, बारकीनं सांगितलं ना तुला गोळ्या घेऊ नकोस म्हणून? तर अशी वळली माझ्याकडे, मोडलेला पाय विसरून! ‘तिच्यावर घालू नकोस. ती एवढंच म्हणाली, आई, तुझा तो जुना हात आण ना गं, ऑर्डरपुरता.’

‘म्हणून तू गोळ्या टाकल्यास?’

‘मग जुना हात आणू कुठून?’

आता तूच सांग, काय बोलू मी? तुला तेव्हा गोळ्यांचं सुचलं होतं की नव्हतं, ते तुझं तुला माहीत. मी वाईट धरून चालत नाही. तू लाडात बोललीस, उचलली जीभ लावली टाळ्याला, तुला सवयच आहे. पण त्यानंतर गाठोडीच्या गाठोडी वाकडी लेबलं तुझ्या हातात आली. सरळ झालेला हात परत वाकडा कसा झाला, हे तुला एकदाही विचारावंसं वाटलं नाही? मी इथे राहून फसले, कारण मला तो रोग वाटत होता. तुला ती मजा वाटत होती.

मला वाटलं, पोरीच्या धंद्यापायी आईनं जिवावर उदार होऊन हे केलं. तसं बोलले, तर हसली. ‘तिच्यासाठी नाही गं मोठे. सरळ टाका मी जन्मभर घातला. कुणी विचारलं, कुणाचा हात आहे? वाकडा घातला तर लोक त्याच्यावरून बोट फिरवतात.’ तुला आठवतं ना, लोकांचे निरोप आपण तिला दुपारचे वाचून दाखवायचो. ‘तुमच्या आईच्या टाक्यावरून बोट फिरवलं आणि माझी आई आठवली.’ हे तर ती परत परत वाचायला लावायची. आपल्याला वाटायचं, म्हातारीची करमणूक होते आहे.

तिच्या त्या बोलण्यावर मला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त हेवा वाटला. हो, आईचा हेवा. माझं कटिंग आजवर सुताइतकं इकडचं तिकडे झालं नाही, खांदा खांद्याला भिडतो, रेघ रेघेला मिळते. माझ्या रेघेवरून कुणी बोट फिरवलेलं मला आठवत नाही. बसतो शर्ट अंगाला नीट, मग कोण विचारतं का बसतो ते? तू तर नाहीच विचारलंस. कानामागून आलीस आणि तिखट झालीस. असो. हा कागद त्यासाठी नाही.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. न घेणाऱ्या बाईला मी डोस वाढवत होतो, म्हणाले. आता पहिल्यापासून, थोडी थोडी द्यायची ठरली आहे. पण ती घेत नाही. कळल्यावरही घेत नाही! जिभेखाली धरते, गालात धरते, उशीच्या अभ्र्यात मला सापडतात. पाण्यात विरघळवून दिली तर दात आवळून बसते. ‘ऑर्डर जाऊ दे, मग घेते. एवढी लेबलं होऊ देत.’ पडल्या पडल्या शर्ट मागते. मी थप्प्या कपाटात घालून कुलूप लावलं, तर दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

व्यायाम घ्यायला बाई येतात. परवा त्या मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि हळूच म्हणाल्या, पाय अजून ताठच आहेत, औषध पोटात गेल्याशिवाय ते सुटायचे नाहीत. या दिवसांत उभी राहिली तर राहिली, नाहीतर पुढे उठणारच नाही. पलंगाला खिळलेलं माणूस किती दिवस काढतं, ते मी त्यांना विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

म्हणून लिहिते. बारके, ये. सीझन गेला खड्ड्यात. ये, तिच्याजवळ बस आणि तुझ्या तोंडानं सांग तिला की सरळच टाका हवाय. लोक सरळच मागतायत म्हणून सांग. खोटं सांग. मुलाखतीत सांगतेस तसं डोळ्यांत डोळे घालून सांग. मी सांगून पाहिलं, पण माझं खोटं तिला लगेच कळतं आणि माझं खरं तिला नर्सच्या बोलण्यासारखं वाटतं. तिला फक्त तुझंच पटेल. मी तुझ्यापुढे आजवर कशासाठी हात पसरला नाही. आता पसरते.

कळावे. लोभ असावा. आजवर इतकी पत्रं लिहिली, पण या शब्दाचे दोन अर्थ होतात हे आज ध्यानात आलं. मी चांगल्या अर्थानं लिहिला आहे.

तुझी
ताई

*

दि. १२ एप्रिल

बारके,

तुझी वाट पाहत होते. दाराशी रिक्षा थांबली की आई मान वळवायची आणि मी गॅस बंद करून बाहेर यायचे. तू आली नाहीस. तुझं खोकं आलं.

आत तुझी चिठ्ठी होती. ‘ताई, प्रॉब्लेम सुटला! आता आईला त्रास नको. आमच्या इकडच्या एका मुलानं आईचे जुने टाके कॉम्प्यूटरवर घेतले आणि मशीनला शिकवले. प्रत्येक लेबल थोडं वेगळं वाकडं येतं, दोन सारखी निघत नाहीत. कुणाला ओळखू येणार नाही. आईला म्हणावं, आता मस्त आराम कर. तुझ्या पत्रावर खूप रडले. लवकरच येते.’

चिठ्ठी दोनदा वाचली. मी तुझ्याकडे काय मागितलं होतं गं? एक खोटं वाक्य. तू खोटा हात पाठवलास.

मी ते खोकं लपवणार होते. टेबलाखाली, चिंध्यांच्या पोत्यामागे ढकललंही. पण आई पडल्या पडल्या सगळं बघत असते. ‘बारकीकडून काय आलं?’ काही नाही, म्हटलं, कापडाचे नमुने. ‘मग दाखव ना. नमुने मला कळत नाहीत का?’ दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा म्हणाली, ‘मोठे, तुला खोटं बोलता येत नाही. आण इकडे.’

आणलं. वरचा शर्ट तिच्या पोटावर ठेवला. तिनं कॉलर उलटी केली, लेबलावरून अंगठा फिरवला आणि चेहरा फुलला तिचा. ‘हे कधीचं गं? मी लावलेलं दिसतंय.’

मी खोक्यातून पुढचा शर्ट काढून दिला.

तिनं दुसरा घेतला. तिसरा घेतला. हात इतका थरथरत होता, की शर्ट धरायला मीच मदत करत होते. मग तिनं पहिलं लेबल डोळ्यांजवळ नेलं आणि कोपऱ्यावर नख ठेवलं. ‘ही गाठ बघ. इथे माझा दोरा संपला होता. पुरेल वाटलं आणि संपला, म्हणून घातलेली गाठ आहे ही.’ दुसऱ्या लेबलावर शोधली. तिथेही होती. तिसऱ्यावरही होती, थोडी सरकवलेली. तुझ्या त्या हुशार मुलाला ती नक्षी वाटली असणार. आईचा संपलेला दोरासुद्धा त्यानं मशीनला शिकवला.

‘कुणी लावलीत ही?’

‘मशीननं,’ मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

मला वाटलं रडेल. मी मनातल्या मनात तुला नाही नाही ते बोलत होते. तर ही हसली. ‘छान जमवलंय गं. म्हणजे शेवटी मशीनच ठरले की मी.’ शर्टांची नीट घडी घालायला सांगितली, कॉलर मोडू देऊ नकोस म्हणाली. आणि मग म्हणाली, ‘गोळी आण.’

मला आधी कळलंच नाही. ‘कसली गोळी?’

‘माझी. आणखी कुणाची? आता कशाला ठेवायचा हात वाकडा?’

मी आणली. तिनं गिळली आणि जीभ बाहेर काढून मला दाखवली, लहान पोरं दाखवतात तशी. त्या दिवसापासून रोज घेते. मागून घेते, वेळ चुकली तर मला ओरडते. तेव्हा अभिनंदन! मी हात जोडून, डॉक्टरांनी समजावून, व्यायामवाल्या बाईंनी धाक घालून जे झालं नाही, ते तुझ्या खोक्यानं एका दुपारात केलं. तुझ्यावर चिडायला गेले तर तेही आता धड जमत नाही. आई औषध घेते आहे, मला आणखी काय हवं होतं?

पाय सुटायला लागले आहेत. आधी उभी राहिली, मग टेबल धरून पावलं टाकली, आता काठी घेऊन दारापर्यंत जाते. डॉक्टर खूश आहेत. व्यायामवाल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. हात तर थांबलाच आहे. पेला भरून दिला तरी थेंब सांडत नाही.

फक्त सुई धरत नाही. मी कपाटाचं कुलूप काढलं, एक शर्ट, एक लेबल, ओवलेली सुई तिच्या मांडीवर नेऊन ठेवली. म्हटलं, आई, तुझ्या जुन्या टाक्यानं लाव, दुकानातल्यासारखा सरळ. विकायचा नाही, मला हवाय, मी घालीन. तिनं सुई काढून माझ्या ब्लाउजला टोचून ठेवली. ‘आता कशाला? सरळ तर तूही लावतेस.’ पूर्वी मी शिवायला बसले की तिची नजर माझ्या हातावर असायची, टाका मोठा झाला की ओरडायची. आता ओरडत नाही. बटणांचा डबा मावशींना देऊन टाक म्हणाली.

ऑर्डरचे शर्ट लेबलांवाचून पाठवते आहे. तुझ्या मशीनकडून लावून घे, कुणाला ओळखू येणार नाही. कागदी साचे आणि मापं वेगळी बांधून खोक्यात घातली आहेत, तुझ्याकडच्या कटरला उपयोगी पडतील. त्याला म्हणावं, पाठीच्या तुकड्याला कापड तिरकं धरू नकोस. मी यापुढे वाकडंतिकडंसाठी कात्री धरणार नाही. कंपनीत जुन्या जागेवर विचारलं आहे, ये म्हणाले. नाव माझ्या तोंडचं होतं, पण ते परत मागत नाही. आता तुलाच शोभतं ते. कात्री मात्र माझी माझ्याकडेच राहील, पुढच्या फोटोसाठी दुसरी घे.

तुला यायचं असेल तर ये, तुझंच घर आहे. आई दारापर्यंत चालत येऊन तुझं स्वागत करील. तिच्यापुढे रडू नकोस आणि तिचे हात हातात घेऊन ‘किती छान थांबलेत गं’ असं म्हणू नकोस, एवढं पाळ. दिवसभर ती ते मांडीवर एकावर एक ठेवून बसलेली असते आणि मधूनच त्यांच्याकडे बघते.

तुला काय लिहू म्हणून तिला विचारलं. तिनं निरोप दिला आहे, तो जसाच्या तसा लिहिते. ‘बारकीला सांग, लेबलं फार सुंदर झालीत. तेवढ्या त्या मशीनला कुणी गोळ्या देऊ नका म्हणावं.’

लोभ असावा हे या वेळी लिहीत नाही. नुसतं, कळावे.

ताई